कापसाचे वावर आणि देहाची मालकी

सेमिनरीत असताना आम्हांस लॅटिन शिकविण्यात आले आणि लॅटिनच्या पाठोपाठ रोमचा इतिहासही. ऑगस्टस सम्राटाने व्यभिचाराविरुद्ध कायदे केव्हा केले, अथेन्समधील स्त्रीला घराबाहेर कितपत पडता येई, कोरिंथ नगरीची रीत कशी होती, हे सारे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले. संत पौलाची पत्रे समजून घ्यायची तर ती ज्या समाजास लिहिली तो समाज ठाऊक असावा लागतो, असे आमचे गुरुजन सांगत आणि ते खरेही होते. परंतु त्याच शतकांत आपल्या वऱ्हाडात स्त्री-पुरुष कसे नांदत होते, हा प्रश्न आम्हांस कुणी विचारला नाही आणि आम्हीही तो कुणाला विचारला नाही. दर्यापुरास आल्यावर, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील गावे हिंडताना, तो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आणि तो ग्रंथालयात नव्हे, तर कापसाच्या वावरात उभा राहिला.

वेचणीचे दिवस होते. रोजमजुरीवर जगणाऱ्या एका बाईने, बरी मजुरी मिळत असलेल्या एका वावरातले काम सोडले होते. घरी तीन लेकरे आणि काम तर सोडलेले, हे ऐकून आम्ही तिला कारण विचारले. ती एवढेच म्हणाली, "थ्या वावरात मी आता येचाले जात नाही, फादर. काटा करायच्या वक्ती मालक एकटीलेच मांगं ठेवते." आम्ही तिला धीर धरण्याविषयी चार शब्द सांगितले आणि हाती आलेले काम सोडू नये असा उपदेशही केला. तिने मान डोलावली आणि ती निघून गेली. तिच्या त्या एका वाक्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला तो पुढे काही महिन्यांनी, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा एक ग्रंथ वाचताना. ही लज्जेची गोष्ट आहे. परंतु या लेखाचा उगम त्या लज्जेत आहे, म्हणून ती आरंभीच सांगून टाकलेली बरी.

ग्रीस आणि रोम : नियम कुणासाठी?

प्राचीन ग्रीक-रोमन समाजाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आढळतात. एक अशी की, तो सारा समाज स्वैराचारात बुडालेला होता. दुसरी अशी की, तेथे देहाविषयी मोकळी, निर्मळ दृष्टी होती आणि बंधने पुढे धर्माने आणली. या दोन्ही समजुती टिकणाऱ्या नाहीत. त्या समाजात नियम होते आणि ते कडक होते. फक्त ते नियम 'काय केले?' असे विचारीत नसत, 'कुणाशी केले?' असे विचारीत. ती कुणाची कन्या, कुणाची पत्नी, कुणाची दासी, यावर सारा निवाडा ठरे.

अथेन्सचे उदाहरण घ्या. लोकशाहीची ही जन्मभूमी. तेथील नागरिकाच्या मुलीला जन्मभर कोणी ना कोणी पुरुष पालक असावाच लागे. आधी पिता, मग पती, पतीच्या मागे पुत्र वा अन्य नातलग. एका मेदिम्नसहून, म्हणजे पोतेभर जवाहून, अधिक मोलाचा व्यवहार तिला आपल्या अधिकारात करता येत नसे. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीझने असा कायदा करविला की, ज्याचे माता आणि पिता दोघेही अथेन्सचे तोच नागरिक. त्यामुळे नागरिक-पत्नीच्या शुद्धतेवर पहारा आणखी कडक झाला. गंमत अशी की, पेरिक्लीझची स्वतःची सहचरी आस्पासिया ही परनगरीची, मिलेटसची होती. उलट स्पार्टामध्ये एकूण जमिनीचे सुमारे दोन-पंचमांश स्त्रियांच्या हाती आहेत, अशी तक्रार ॲरिस्टॉटलने नोंदविली आहे. तेव्हा 'ग्रीक स्त्री' असे एकच चित्र रेखाटणेही धोक्याचे.

पुरुषा-पुरुषांतील प्रेमाविषयीही हेच सूत्र दिसते. प्रौढ नागरिक आणि उमलत्या वयाचा तरुण यांच्यातील आकर्षण अथेन्समध्ये उघड बोलले जाई. प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादात त्यावर भाषणे आहेत. मात्र नागरिकाने पैसे घेऊन देह विकला, तर सभेत बोलण्याचा त्याचा अधिकार जाई. इ.स.पू. ३४६-४५ मध्ये टिमार्कस नावाच्या राजकारणी पुरुषावर याच आरोपाचा खटला चालला आणि तो राजकारणातून उठला. परंतु एखाद्या गुलाम मुलाला त्याच कामाला लावले, तर त्या मुलाची इच्छा कोणते न्यायालय विचारणार होते? त्याला इच्छा असते हेच मुळी कायद्यास ठाऊक नव्हते.

रोमने या सूत्राला कायद्याची चौकट दिली. ऑगस्टसच्या इ.स.पू. १८ च्या कायद्याने पत्नीचा व्यभिचार हा सार्वजनिक गुन्हा ठरला. ते ठाऊक झाल्यावरही पतीने तिला सोडले नाही, तर त्याच्यावरच कुंटणखाना चालविल्याचा आरोप येई. आणि घटस्फोटानंतर खटला भरण्यास त्याला साठ दिवसांची मुदत असे. याच कायद्याखाली पतीने दासीशी वा वेश्येशी संबंध ठेवला, तर तो व्यभिचार होत नसे. इ.स.पू. २ मध्ये ऑगस्टसने आपली एकुलती एक कन्या जूलिया हिला या दोषावरून एका ओसाड बेटावर धाडले. स्वतः ऑगस्टसच्या वागणुकीविषयी रोममध्ये काय बोलले जाई, ते इतिहासकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. त्याला मात्र कोणत्याही बेटावर जावे लागले नाही.

आणि ज्या मुली जन्मतःच नकोशा होत्या त्यांचे काय? इजिप्तच्या वाळूत सापडलेले, इ.स.पू. १ मधील एक पत्र आम्हांस विसरता येत नाही. हिलारिओन नावाचा मनुष्य आलेक्झांड्रियाहून गावी असलेल्या आलिसला लिहितो: लेकराची काळजी घे, मजुरी हाती येताच पाठवितो, मी तुला कसा विसरेन? आणि त्याच पत्रात, त्याच मायेच्या सुरात, तो सांगतो की, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. या ओळी लिहिणारा राक्षस नव्हता. घरच्यांवर जीव असलेला साधा माणूस होता. ज्या महाराष्ट्रात गर्भलिंगतपासणीविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करावा लागला, तेथील वाचकाने हिलारिओनकडे फार वरून पाहू नये.

भरूचच्या बंदरावरून

हे जग आपल्यापासून दूर होते असेही नव्हे. पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याचा 'पेरिप्लस' हा ग्रंथ उपलब्ध आहे. त्यात पैठण आणि तेर या आपल्या बाजारपेठांची नावे आहेत आणि तेथला माल भरूचच्या बंदरात कसा उतरे, त्याचे वर्णन आहे. जुन्नर आणि कार्ले येथील लेण्यांत 'यवन' दात्यांचे लेख आजही वाचता येतात. त्याच पेरिप्लसमध्ये, भरूचला राजासाठी काय न्यावे याची यादी आहे: चांदीची मौल्यवान भांडी, उत्तम मद्य, उंची वस्त्रे, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली. भांडी आणि मुली एकाच यादीत. पाठविणारा ग्रीक, घेणारा आपला. दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. संस्कृती भिन्न होत्या, पण देहाच्या बाजारात त्यांना दुभाष्याची गरज पडली नाही.

वात्स्यायनाची साक्ष

आता ज्या ग्रंथाचा उल्लेख आरंभी केला त्याकडे वळू. तो ग्रंथ म्हणजे वात्स्यायनाचे 'कामसूत्र'. धर्मगुरूच्या लेखणीतून हे नाव आलेले पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणतो. पण साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकातील हा ग्रंथ आपल्या प्राचीन समाजजीवनाचा मोठा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराची जात-कुळी पाहून साक्ष नाकारणे न्यायाचे नव्हे.

या ग्रंथाच्या पाचव्या अधिकरणात सत्ताधारी पुरुषांच्या वागणुकीचे प्रकरण आहे. त्यात देशोदेशींच्या राजघराण्यांच्या रीती सांगताना वात्स्यायनाने आपल्या भागातील दोन नावे घेतली आहेत: वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, आणि विदर्भ. वत्सगुल्मात मोठ्या अधिकाऱ्यांच्या स्त्रिया रात्री राजाच्या सेवेस जात. विदर्भात राजाच्या अंतःपुरातील स्त्रिया जनपदातील रूपवती स्त्रियांना, स्नेहाचे निमित्त करून, महिना-पंधरा दिवस राजवाड्यात ठेवून घेत, असे तो सांगतो. येथे सावधगिरी हवी. परमुलखाच्या रीती रंगवून सांगण्याची हौस सर्व काळी असते. ग्रीकांनी इराणविषयी असेच लिहिले आणि रोमनांनी इजिप्तविषयी. म्हणून या दोन वाक्यांवरून आम्ही विदर्भाच्या राजांना दोषी ठरविणार नाही.

परंतु त्याच प्रकरणात आरंभी जे येते, ते कोणा एका देशाचे नाही आणि त्यात रंगविण्यासारखेही काही नाही. गावचा मुख्य, सरकारी अधिकारी, शेतीच्या उत्पन्नावर नेमलेल्याचा तरुण पुत्र, यांना गावातील स्त्रिया नुसत्या शब्दाने वश होतात, असे वात्स्यायन सांगतो. केव्हा? त्या वेठीच्या कामाला येतात तेव्हा, कोठारात धान्य भरतात तेव्हा, सामानाची ने-आण करतात तेव्हा, शेतात राबतात तेव्हा; आणि कापूस, लोकर, जवस, ताग नेतात आणि सूत आणून देतात तेव्हा.

हे वाचले आणि आमच्या कानात ते शब्द पुन्हा उमटले: काटा करायच्या वक्ती. माल मोजून देण्या-घेण्याची वेळ. जेव्हा सोबतिणी पुढे गेलेल्या असतात, मजुरी अजून हाती पडलेली नसते आणि तराजू दुसऱ्याच्या हाती असतो. 'वश होतात' हा वात्स्यायनाचा शब्द. त्या स्त्रीला विचारले असते तर तिने कोणता शब्द वापरला असता, हे त्याने लिहिलेले नाही.

ही वेठ वऱ्हाडात होती काय? होती; याला तांब्याचा पुरावा आहे. आमच्या दर्यापूरच्या शेजारी, अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकात या राजाने चर्माङ्क, म्हणजे हेच चम्मक, एक हजार ब्राह्मणांना दान दिले. दान दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळाल्या, त्यांच्या लांबलचक यादीत एक सवलत आहे: सर्व प्रकारच्या विष्टीतून, म्हणजे वेठीतून, मुक्तता. जे माफ करावे लागते ते अस्तित्वात असतेच. आणि ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही, त्या गावांतील स्त्रिया कोठारे भरीतच राहिल्या असणार.

दुसरे वावर

तरीही हे एकच चित्र पूर्ण मानले, तर आपण आपल्या पूर्वजांवर अन्याय करू. सातवाहन राजा हाल याच्या नावावरील 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचा संग्रह पाहावा. तेथेही कापसाचे शेत येते. नांगरणीच्या शुभदिनी नांगराची पूजा करणाऱ्या एका स्त्रीचे हात थरथरतात, कारण कापूस उंच वाढल्यावर तेथे कुणाची भेट व्हायची आहे, हे तिचे तिलाच ठाऊक असते. पहिल्या वेच्याला सीतादही करणाऱ्या आमच्या भागातील बायकांना ही गाथा वाचून दाखविली, तर त्या पदर तोंडाला लावून हसतील. टीकाकारांनी यांतील काही गाथा रेवा, माधवी अशा स्त्रियांच्या नावे नोंदविल्या आहेत. नीतीच्या दृष्टीने त्या गाथेतील स्त्रीविषयी आम्हांस काय म्हणायचे, ते वेगळे. पण तिला इच्छा आहे, लज्जा आहे, आणि हो किंवा नाही म्हणणारे मन आहे, हे कवीला दिसले. जवळपास त्याच काळात, इ.स. ८ मध्ये, प्रेमकलेवरील काव्याचा ठपका ठेवून ऑगस्टसने ओव्हिड कवीला काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केले. हालाच्या दरबारात त्या कवीचे बहुधा स्वागत झाले असते.

वावर तेच, पीक तेच. एका ग्रंथात स्त्री तेथे आपल्या मनाने जाते. दुसऱ्यात तिला वेठीने जावे लागते. प्राचीन समाज 'मुक्त' होता की 'पतित' होता, असा वाद घालणारे दोन्ही पक्ष यांतील एकच वावर पाहतात.

राणीची मुद्रा

एक स्त्री मात्र अशी आहे, जिच्या देहावर आणि दानावर अन्य कुणाची मुद्रा चालली नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर सर्वांना महानुभावांचे तीर्थ आणि आद्य मराठी कवयित्री महदंबेशी जोडलेले गाव म्हणून परिचित आहे. त्याच रिद्धपुरात प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट मिळाला. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या आणि वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. ऐन तारुण्यात पती वारला, मुले लहान. ती सती गेली नाही. सतीचा निश्चित कालोल्लेख असलेला प्रसिद्ध लेख एरणचा, इ.स. ५१० चा; म्हणजे तिच्या काळानंतर सुमारे शतकाने. तिने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, राज्य चालविले. युवराज दिवाकरसेनाच्या नावे चाललेल्या तेराव्या वर्षीही कारभार तिच्याच हाती होता, हे पुण्यात आढळलेल्या तिच्या दुसऱ्या ताम्रपटावरून कळते. रिद्धपूरचा ताम्रपट त्यानंतरचा, पुत्र प्रवरसेनाच्या १९ व्या राज्यवर्षातील; पुत्र गादीवर असतानाही दान तिचे, तिच्या नावाचे. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. पण विवाहानंतरही तिने आपले गोत्र पित्याचे, धारण, असेच कोरविले. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिचे नाव आणि शंख असलेला मातीचा मुद्रांक मिळाला आहे.

अथेन्सची नागरिक-कन्या पोतेभर जवाच्या पलीकडे व्यवहार करू शकत नव्हती; विदर्भाची विधवा गाव दान करीत होती. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु तिच्या ताम्रपटात तिची ओळख कशी दिली आहे? सम्राटाची कन्या, राजाची अग्रमहिषी, राजांची जननी. त्याच सुमारास रोममध्येही गाला प्लासिदिया ही सम्राटाची कन्या, पती निवर्तल्यावर, इ.स. ४२५ पासून बाल सम्राटाची माता म्हणून राज्य चालवीत होती. दोघी कर्तबगार होत्या आणि दोघींच्या सत्तेची वाट पिता, पती आणि पुत्र यांच्या अंगणातूनच गेली. ज्या स्त्रीला असे पिता-पुत्र नव्हते, तिच्यासाठी ना रोममध्ये मुद्रा होती, ना नंदिवर्धनात.

एकच माप

या जगात एक वेगळा विचार उमटला, तो नोंदविणे इतिहासकाराचेही कर्तव्य आहे. करिंथकरांस लिहिताना संत पौलाने सांगितले की, पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार आहे, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा. यातील पहिला अर्धा भाग रोमला नवा नव्हता, दुसरा होता. प्रभावतीगुप्तेच्याच काळात, इ.स. ४०० च्या सुमारास, संत जेरोमने फाबिओला या रोमन स्त्रीविषयी लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, सीझरचे कायदे पुरुषाला दासी आणि वेश्या यांच्याकडे जाण्याची मोकळीक देतात. आमच्याकडे जे स्त्रीला वर्ज्य ते पुरुषालाही वर्ज्य. पुढे इ.स. ४२८ मध्ये दुसऱ्या थिओडोसियसने असा कायदा केला की, पिता वा धनी मुलीस वा दासीस वेश्याव्यवसायास लावीत असेल, तर तिने धर्माध्यक्षांकडे वा न्यायाधीशांकडे दाद मागावी आणि मुक्त व्हावे. जिची इच्छा कायद्याने कधी विचारलीच नव्हती, त्या दासीला 'नाही' म्हणण्याची वाट मिळाली.

पण येथे आपली पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. गुलामगिरी त्यानंतरही शतकानुशतके चालली आणि ख्रिस्ती धनी गुलाम बाळगीत राहिले. एकच माप लावण्याची शिकवण ग्रंथात राहिली आणि व्यवहारात दोन मापे चालली. दोष ऐकून घेण्यासाठी ज्याच्याकडे बाईने यावे, त्यानेच तिला धीर धरण्याचा सल्ला द्यावा, हे त्याचेच एक रूप. आम्ही ते केले आहे.

आज कायद्याने वेठ नाही. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने नष्ट झाली. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध शेतमजूर स्त्रीसही दाद मागता येते. मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर ती ऐकण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. आम्ही आमच्या गावांतून विचारून पाहिले. वेचणीस जाणाऱ्या एकाही बाईने या समितीचे नाव ऐकलेले नव्हते. आम्हीही ते थोडे आधीच ऐकले होते.

पुढच्या वेचणीस ती बाई दुसऱ्या वावरात जाऊ लागली. तेथे मजुरी किलोमागे थोडी कमी आहे. परंतु तेथल्या बायकांनी आपसांत एक रीत पाडली आहे: शेवटच्या बाईचा काटा होईपर्यंत कुणीही वावर सोडायचे नाही. अंधार पडला तरी साऱ्या जणी धुऱ्यावर बसून राहतात. ही रीत कोणत्या ताम्रपटात कोरलेली नाही आणि आम्ही ती त्यांना शिकविलेली नाही. आम्ही ती त्यांच्याकडून शिकलो.